मुसीच्या उगमाचं पान

आजही कुणी मला "एक अर्ज देऊन बघा ना" म्हणालं, की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. बायको म्हणते, एवढं काय चिडायचं त्यात, विजेच्या मीटरचा साधा अर्ज आहे. साधा अर्ज नावाची वस्तू जगात नसते. आमच्या घरातल्या एका साध्या अर्जानं काय केलं ते मी विसरलेलो नाही आणि विसरणारही नाही.

आम्ही नामपल्ली स्टेशनाच्या मागं राहायचो. वडिलांना आम्ही अण्णा म्हणायचो. आजोबा सरकारी दफ्तरात होते, अण्णाही सरकारी दफ्तरात अहलकार, म्हणजे कारकून होते, आणि मीही तिथंच चिकटणार हे माझ्या मुंजीतच ठरून गेलं होतं. घरात मराठी, गल्लीत दखनी, भाजीवालीशी तेलुगू आणि कागदावर उर्दू अशी आमची वाटणी. शाळा सगळी उर्दूत झालेली, त्यामुळे नीट काही लिहायचं म्हटलं की मला उर्दूच सुचायची. माझी वहीही उर्दूतच होती.

ही वही म्हणजे माझ्या सायकलीचे रस्ते. मी सोळा वर्षांचा असताना मामानं आबिड्सच्या बाजारातून एक जुनी सायकल आणून दिली, आणि पुढची तीन वर्षं सुट्टीचा दिवस मी घरात काढला नाही. कुकटपल्लीला आज इमारतींमधून आकाश शोधावं लागतं. तेव्हा ते भाताच्या खाचरांमधलं खेडं होतं आणि तळ्याच्या बांधावरून सायकल हाकता यायची. पश्चिमेकडचा रस्ता तर माझा जीव की प्राण. गंडीपेटचा तलाव, मोइनाबाद, चेवेळ्ळा, मग हळूहळू चढत विकाराबाद. कितव्या मैलाच्या दगडापासून चढ लागतो, कुठं पायडलवर उभं राहावं लागतं, कुठल्या विहिरीला दोर आणि बादली आहे, कुठल्या ओढ्यात पावसाळ्यात सायकल खांद्यावर घ्यावी लागते, चौकी कुठं, चिंचेची सावली कुठं, सगळं मी घरी आल्या आल्या लिहून काढायचो.

वहीचं शेवटचं पान मात्र कोरं होतं. वर मथळा तेवढा घातला होता: अनंतगिरी, मुसीचा उगम. शहरात मुसी नदी म्हणजे धोबीघाट आणि वास. ती विकाराबादच्या पुढं अनंतगिरीच्या डोंगरात एका झऱ्यातून निघते असं मास्तरांनी सांगितलं होतं, आणि तो झरा बघून ते पान भरायचं, हे एवढंच मला त्या वयात आयुष्याकडून हवं होतं. नोकरीत जुंपलं जाण्याआधी, माझ्या पायांनी.

सत्तेचाळीसचा पावसाळा सरला. दिल्लीत झेंडा लागला होता, आमच्याकडे नव्हता. संस्थान हिंदुस्थानात जाणार की नाही यावर माणसं दबक्या आवाजात भांडायची, आणि शहराबाहेरच्या नाक्यांवर येणाऱ्या-जाणाऱ्याला अडवून विचारपूस होत होती. थंडी पडली तसं मी घरात जाहीर केलं की या महिन्यात मी अनंतगिरीला जाणार. आई रडायला लागली. अण्णा म्हणाले, "रडतेस काय? रीतसर परवानगी काढू."

परवानगी कुणी मागितलीच नव्हती! हे मी आजही ओरडून सांगतो. माझ्याबरोबरची पोरं नाक्यावर दोन शब्द गोड बोलून निघून जायची. पण अण्णांचा कागदावर जेवढा विश्वास होता तेवढा देवावरही नव्हता. मी कॉलेजात गेलेलो असताना त्यांनी झकास अक्षरात अर्ज लिहिला: माझा मुलगा केवळ हौसेखातर सायकलीवर हिंडतो, त्याला विकाराबादेपर्यंत जाऊ द्यावं. आणि पुराव्याशिवायचा अर्ज म्हणजे मिठाशिवायचं वरण, हा त्यांचा जन्माचा सिद्धांत. म्हणून हौसेचा पुरावा म्हणून त्यांनी माझी वही अर्जाला जोडली आणि पोलीस चौकीत नेऊन दिली.

संध्याकाळी कळलं तेव्हा मी ओरडलोच, "नक्कल तरी करून द्यायची, अण्णा!"

"नकलेवर शंका घेतात," ते शांतपणे म्हणाले. "अस्सल जोडलं की प्रश्नच मिटला."

आपल्या हातानं आपल्याच पायावर धोंडा पाडून घेणं म्हणतात ते हेच, फक्त पाय माझा होता. तिसऱ्या दिवशी चौकीतून बोलावणं आलं. तिथल्या अहलकारानं वही माझ्यापुढं उघडली आणि बोट ठेवलं.

"क्या मियाँ, ये पुल, ये बावड़ियाँ, ये चौकियाँ, सब की फेहरिस्त कायकू बनाए?"

मी म्हटलं, सायकल चालवायला.

"और नदी किधर से निकलती, वो जानके तुमकू क्या करना है?"

नदी कुठून निघते हे बघायला कारण लागतं हेच मला माहीत नव्हतं. त्यानं वहीला दोरी बांधली, तिची मिसल, म्हणजे फाइल केली आणि सांगितलं की तपास होईपर्यंत शहराबाहेर पाऊल टाकायचं नाही आणि दर शुक्रवारी इथं येऊन सही करायची. अण्णा शेजारी उभे होते. त्यांनी मान हलवून विचारलं, सही करायची वेळ कुठली.

आठ-नऊ महिने मी सह्या केल्या. सायकल ओसरीत भिंतीला टेकून उभी राहिली आणि चाकांतली हवा आपोआप गेली. त्या महिन्यांत शहरात लोकांवर काय काय बेतलं ते मला ठाऊक आहे. घरंदारं सोडून गेलेल्यांपुढं माझं दुःख चिमूटभर होतं. असू दे चिमूटभर. दर शुक्रवारी त्या बाकावर बसलं की मला अण्णांचा असा राग यायचा की मी घरी येऊन त्यांच्या पंगतीला बसणं सोडलं.

मग पोलीस अॅक्शन झाली, हिंदुस्थानची फौज आत शिरली. चार-पाच दिवसांत सगळं उलटंपालटं झालं आणि आम्ही हिंदुस्थानात गेलो. आमच्या गल्लीत पेढे वाटले. मी पेढा तोंडात असतानाच अण्णांना म्हटलं, चला, माझी वही आणू. चौकीत गेलो तर खुर्चीत तोच अहलकार! सरकार बदललं, भिंतीवरची तसबीर बदलली, आणि हा गृहस्थ तिथंच, तेच पान चघळत.

"दरखास्त लाए?" त्यानं विचारलं.

अण्णांनी खिशातून अर्ज काढला. घरून लिहून आणला होता त्यांनी.

मिसल निघाली. मी वही उघडली आणि चक्रावलो. माझ्या प्रत्येक नोंदीपुढं जांभळ्या पेन्सिलीनं 'दुरुस्त', म्हणजे बरोबर, असं लिहिलं होतं. चढ बरोबर, पूल बरोबर, विहीर बरोबर. चेवेळ्ळ्यापुढच्या एका विहिरीला तर शेरा होता: पाणी खारट झालं आहे, पिऊ नये. तपासाला कुणा जवानाला पाठवलं होतं म्हणे, सायकल देऊन. तो माझ्या वहीबरहुकूम सगळा रस्ता हिंडून आला होता. मी इथं बाकावर बसलो होतो आणि तो माझ्या चिंचेखाली बसत होता!

शेवटचं पान उलटलं. माझ्या मथळ्याखाली ते वरपासून खालपर्यंत जांभळ्या अक्षरांनी भरलेलं. घाट चढताना सायकल हातात धरावी लागते, देवळामागून उजवीकडे उतरावं, एवढ्या दोन ओळी मी वाचल्या आणि माझं भान सुटलं. ते पान माझं होतं. मी ते पान वहीतून टरकावलं, टेबलावर आपटलं आणि म्हणालो, "ये तुम्हारा, तुम रखो! बाकी मेरा है।"

"अरे, सरकारी मिसल है!" अहलकार किंचाळला. मग त्यानं ते पान उचललं, मिसलीत ठेवलं, दोरी बांधली आणि एकदम शांत झाला. मिसलीत कागद राहिला होता. वही गेली तरी त्याची हरकत नव्हती. अण्णांना तो म्हणाला, पोचपावतीवर सही करा. मी वही घेऊन बाहेर पडलो. अण्णा बऱ्याच वेळानं आले.

आबिड्सच्या भर रस्त्यात मी त्यांना जे बोललो ते इथं लिहिणार नाही. ते मध्ये एकदा म्हणाले, "ऐक तरी." मी ऐकलं नाही.

पुढच्याच आठवड्यात मी अनंतगिरीला गेलो. देवळामागून उजवीकडे उतरलो, आणि पुढं काय करायचं ते मला ठाऊक नव्हतं. झाडीत दुपारपर्यंत भटकलो, काट्यांनी पाय फोडून घेतले, झरा सापडला नाही. महिन्याभरानं परत गेलो तेव्हा एका मोळीवाल्या बाईनं दाखवला. ओंजळभर पाणी, शेवाळलेले दगड. मी तिथंही त्या जांभळ्या पेन्सिलवाल्याला शिव्या दिल्या, की माझ्या आधी तू हे का बघितलंस.

त्यानंतर वीस वर्षं तरी मी हा किस्सा ज्याला त्याला सांगत आलो: बापानं घालवलं, अहलकारानं दाबलं आणि जवानानं चोरलं. अण्णांसमोरसुद्धा सांगायचो, मुद्दाम, पाहुण्यांदेखत. ते उठून आत जायचे. शेवटच्या आजारपणात मी त्यांना औषध देत होतो, तेव्हा ते म्हणाले, "ते पान मी वाचलं होतं. सही करायला थांबलो होतो ना, तेव्हा. अहलकारानं दोरी सोडून दाखवलं."

मी औषधाचा चमचा खाली ठेवला.

"खाली त्या जवानानं लिहिलं होतं, यात काही वावगं नाही. मुलगा हौशी आहे, रस्ते मन लावून लिहिले आहेत. वही त्याला ताबडतोब परत द्यावी. वर तारीख होती. तुझी पहिली सही झाली त्याच्या दुसऱ्याच आठवड्याची."

"मग मला सांगितलं का नाहीत?"

"सांगत होतो," अण्णा म्हणाले. "तू रस्त्यात ओरडत होतास. पुढं तू कधी विचारलं नाहीस, आणि मलाही मग हिंमत झाली नाही."

इतकी वर्षं मी ज्याला सगळ्यात जास्त शिव्या दिल्या, त्या सगळ्या भानगडीत तेवढा एकच माणूस माझ्या बाजूनं होता. त्याचं नाव मला माहीत नाही. सही त्या पानाच्या तळाशी होती, आणि पान मीच फाडून त्यांच्या हवाली केलं होतं.