नाकवाल्यांची डावी नाकपुडी

साबणाच्या कारखान्यात त्यांना सगळे नाकवाले म्हणत. सव्वीस वर्षं काम एकच: प्रत्येक घाणा, म्हणजे एका वेळी शिजवलेला साबण, हुंगायचा, तेल खवट नाही ना ते बघायचं आणि मगच वडीवर शिक्का. मध्ये एकदा वास ओळखणारं यंत्र आणलं होतं. ते चुकलं, हे चुकले नाहीत. तेव्हापासून स्वारी जरा नाक वर करूनच चालायची.

अशा माणसाला सर्दी झाली. दुसरा कोणी चार दिवस शिंकून गप्प बसला असता. पण यांचं पोटच नाकावर! त्यांनी थेंबांची बाटली आणली. दोन थेंब टाकले आणि नाक असं मोकळं झालं की बस्स. मग प्रत्येक घाण्याआधी दोन थेंब. सर्दी गेली, थेंब राहिले. सात महिन्यांत एक बाटली डब्याच्या पिशवीत, एक उशाखाली, एक खिशात, आणि नाक चोंदलेलं ते चोंदलेलंच. त्यात बाजारातून तक्रारी आल्या की साबणाला वास मारतो.

मालक म्हणाले, "काका, पंधरा दिवसांनी दहा वड्या मांडतो. खराब ओळखलीत तर ठीक, नाहीतर पॅकिंगला बसा."

घरी ते अवाक्षर बोलले नाहीत. पण सूनबाई औषधाच्या दुकानात कामाला. एका रविवारी नातीने लंगोट भरवला होता आणि हे तिला मांडीवर घेऊन अर्धा तास खुशाल पेपर वाचत बसले होते. सूनबाईने हात पुढे केला.

"बाबा, बाटली द्या."

बाटली बघून तिने कपाळाला हात लावला. "अहो, नाकातल्या रक्तवाहिन्यांवर बारीक कुलपं असतात. माणूस घाबरला, पळायची वेळ आली, की शरीर अ‍ॅड्रेनलिन सोडतं. ते कुलपात बसलं की वाहिन्या आवळतात. या थेंबांची किल्ली त्याच घडणीची, म्हणून सूज उतरते. पण तुम्ही सात महिने किल्ली फिरवताय! कुलपं आता दाद देत नाहीत. थेंबांचा जोर ओसरला की वाहिन्या आणखीच फुगतात. सर्दी कधीच गेली, तुमचं नाक थेंबांनी चोंदलंय."

"सोडले तर गुदमरेन गं!"

"एकेक नाकपुडी सोडा. आधी डावी. तोवर उजवीत थेंब टाका आणि तिने श्वास घ्या."

पहिले पाच दिवस नाकी नऊ आले, तेही एकाच नाकपुडीत. आठव्या दिवशी सकाळी डावीकडून वारा शिरला आणि त्याच्याबरोबर फोडणीचा वास. म्हाताऱ्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

परीक्षेच्या दिवशी ते उजवी नाकपुडी बोटाने दाबून वड्या हुंगत निघाले. मालकांना हसू आवरेना. सातव्या वडीशी ते थांबले. खवट तेल, शंकाच नको. वडी उलटून घाण्याचा नंबर वाचला आणि त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"ही खराब," ते म्हणाले. "आणि ही मीच पास केलीय, साहेब. तेव्हा मला कसलाच वास येत नव्हता, नुसता शिक्का मारत होतो. त्या महिन्याचा सगळा माल परत मागवा."

मालकांनी ती वडी उचलून बाजूला ठेवली.

"उजवी कधी उघडेल?"

"अजून पंधरा दिवस."

"तोवर डावीने भागवा. पण वास येत नसेल त्या दिवशी तसं सांगायचं, काका."

संध्याकाळी नात मांडीवर आली. त्यांनी पेपर उघडला आणि लगेच मिटला.

"सूनबाई," ते आनंदाने ओरडले, "अगं धाव, हिने केलीय!"