वाऱ्याच्या तोंडाशी

दूध उतू गेलं तरी वहिनीला वाटे, कुणीतरी मुद्दाम गॅस मोठा केला. लोक तिला संशयी म्हणत. म्हणोत बापडे! प्रयोगशाळेत झाडू मारायला आलेली ही बाई बघूनबघून वाऱ्याचा बोगदा चालवायला शिकली, आणि तिची मेहनत वरच्यांनी आपल्या नावावर खपवली. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. न पोळलेल्यांना काय कळणार?

बोगदा म्हणजे लांबलचक लाकडी पेटी. एका टोकाचा पंखा दुसऱ्या टोकाच्या उघड्या तोंडातून हवा ओढतो. मधे, काचेआड, तापवलेली तांब्याची कांडी. वाहती हवा तिला किती लवकर निववते, ते मोजायचं.

हाताखाली आला सख्खा धाकटा दीर. तिनेच शब्द टाकून चिकटवलेला, अजून तात्पुरता. थोड्याच दिवसांत वहिनीच्या डोक्यात किडा शिरला. ती समोर असली की कांडी झटकन निवते. हा एकटा असला की रेंगाळते.

"भाऊजी, माझ्या माघारी कांडीला ऊब कुठून येते हो?"

"वहिनी, तुम्ही जरा बाजूला बसून बघा ना."

"का? माझ्या नजरेची अडचण होते?"

ती हट्टाने बोगद्याच्या तोंडाशीच उभी राही. तिथून त्याचे दोन्ही हात दिसत. शेवटी तिने साहेबांच्या कानावर घातलं, की दीर आकडे मनाने लिहितो.

"खरं निघालं तर घरी बसेल तो," साहेब म्हणाले आणि स्वतः बघायला आले. हवेची वाट दिसावी म्हणून त्यांनी धूर सोडायला लावला.

वहिनीने नेहमीच्या जागी ठाण मांडलं. धुराचा धागा तिच्या खांद्यापाशी आला आणि विस्कटला. गिरक्या घेत आत शिरला, कांडीभोवती कापसासारखा पिंजला. कांडीची ऊब दाखवणारा काटा झरझर उतरला.

दीर आकडा लिहून घेऊ लागला. काय लिहितोय हा? वहिनीने त्याच्याकडे बोट रोखलं, तर धूरही हलला. तिने हात खाली घेतला. बाजूला सरकली. धागा ताणलेल्या दोरीसारखा सरळ झाला, कांडीपाशी दुभंगून निघून गेला. काटा रेंगाळला, दीर एकटा असताना रेंगाळायचा तस्साच.

"साहेब," वहिनी म्हणाली, "तोंडाशी उभी राहून हवा मी विस्कटत होते, म्हणून कांडी लवकर निवायची. भाऊजींचे आकडे खरे आहेत."

"मग हा बोलला का नाही?"

"बोललो असतो तर वहिनी म्हणाल्या असत्या, मी त्यांना तिथून हाकलायला निमित्त शोधतोय," दीर पुटपुटला.

"म्हणाले असतेच!" वहिनी कडाडली. "तरी बोलायचं! नोकरी कुणाची जात होती, माझी?"

साहेबांनी त्याला ठेवला. वहिनीच्या देखत घेतलेलं सगळं मोजमाप मात्र रद्द केलं.

"घ्या नव्याने," ती दिराला म्हणाली. "मी बाहेर थांबते."

तिने दार ओढून घेतलं आणि दाराला पाठ करून उभी राहिली. आत पंखा सुरू झाला. मान वळू पाहत होती; तिने वळू दिली नाही.

"भाऊजी," तिला राहवलं नाही, "खिडकी बंद केलीत ना?"