सोमारीबाईंना विचारून

प्रणिता गेल्याचा फोन आला तेव्हा मी तिच्याच मोबाइल खेळाच्या पानावर लोकांची बोलणी खात बसलो होतो. शनिवारची शाळा सकाळची, मुलं घरी गेलेली, आणि मी व्हरांड्यात खुर्ची सरकवत रेंज शोधत होतो. "शेवटचा भाग कधी?" असं कुणीतरी तिसऱ्यांदा विचारलं होतं. मी नेहमीप्रमाणे 'लवकरच' एवढं लिहून पाठवलं आणि लगेच तिच्या आईचा फोन आला. काकू रडत नव्हत्या. "दिवाकर, प्रणिता गेली रे सकाळी," एवढं म्हणाल्या आणि मी आलापल्लीहून कोणती गाडी धरीन ते विचारू लागल्या. चंद्रपूरपर्यंत बसमध्ये माझ्या डोक्यात एकच वेडपट विचार घोळत होता... ते 'लवकरच' आता पाळायचं कोणी?

आम्ही कॉलेजपासूनचे मित्र. तिचे वडील झाडीपट्टीच्या नाटकांचे पडदे रंगवायचे. राजवाडा, जंगल, गावरस्ता, सगळं एका माणसाच्या हातचं. पोरीनं तो हात उचलला, पण पडदा बदलला. चंद्रपुरात परकोटाच्या आत दोन खोल्यांचं घर, त्यातल्या एका खोलीत ती मुलांना कॉम्प्युटर शिकवायची आणि उरलेल्या वेळात खेळ बनवायची. तिला सिकलसेल होता, रक्ताचा आजार, जन्माचा. हाडं दुखायला लागली की दोन-दोन आठवडे खाटेवर. पण त्याबद्दल कुणी हळवं होऊन बोललं की ती त्याला चहात तिप्पट साखर घालून द्यायची आणि वर तो पूर्ण संपवायला लावायची. हट्टी होती, भांडकुदळ होती, गोळी घेतली का विचारलं तर तोंडावर खोटं बोलायची. मेल्या माणसाबद्दल चांगलंच लिहावं म्हणतात. मी चांगलंच लिहितो आहे.

खेळाचं नाव 'एक वरीस'. एकट्यानं खेळायचा. चौदा वर्षांची रैनी, आईबाप कामाला तेलंगणात गेलेले, ते परत येईपर्यंत वर्षभर तिनं जंगलातलं घर सांभाळायचं, एवढीच गोष्ट. बंदूक नाही, राक्षस नाही. चित्रं प्रणिताची, संवाद माझे. मी आलापल्लीच्या पुढच्या एका गावात मास्तर आहे, आणि लोक कसं बोलतात ते मला ठाऊक आहे असा माझा तेव्हा समज होता. रैनीचा आवाज काढायला आम्हाला कुणी मिळेना, म्हणून पहिल्या कच्च्या खेळात प्रणितानं स्वतःचाच आवाज भरला. चंद्रपूरचा चैत्र, खोलीत कूलर सुरू. मी म्हटलं, रेकॉर्डिंगपुरता तरी बंद कर. म्हणाली, मरू का मी गरमीनं? रैनीच्या घरी वीज नाही आणि तिच्या प्रत्येक वाक्यामागे कूलरची घरघर, असा तो खेळ तयार झाला.

हा कच्चा खेळ एका जुन्या फोनमध्ये घालून ती गेल्या वर्षीच्या चैत्रात माझ्या शाळेवर आली. तिला तो गावातल्याच कुणाच्या तरी हाती द्यायचा होता. मी सोमारीबाईंचं नाव सुचवलं. त्या आमच्या शाळेत खिचडी शिजवतात, आणि मुलांचे हात धुतलेले आहेत की नाहीत हे वासावरून सांगतात. चूल विझवून त्यांनी पदराला हात पुसले आणि फोन घेतला. रैनी चालत चालत दमली, आंब्याच्या झाडाखाली आली, वरून एक कैरी पडली. खाली बटण आलं, 'खा'. ते दाबलं की रैनीच्या अंगात बळ येणार आणि ती पुढे जाणार, अशी आमची हुशारी. सोमारीबाईंचं बोट बटणाजवळ गेलं आणि थांबलं. प्रणिताला वाटलं, बाईंना कळलं नाही.

"दाबा ना बाई, काऊन थांबल्या?"

"पंडुम नाई झाला अजून."

मी शाळेत नऊ वर्षं काढली होती आणि मला हे माहीत होतं. माहीत असून ते संवाद लिहिताना मला आठवलं नाही, ही लाजेची गोष्ट आहे. त्या गावात नवा आंबा कुणी तसाच तोडून तोंडात टाकत नाही. आधी गाव बसून दिवस ठरवतं, भुमिया म्हणजे गावचा पुजारी पूजा करतो, पहिला आंबा देवाला आणि घरातल्या गेलेल्या माणसांना जातो, मग जिवंतांची पाळी. तो मरका पंडुम, नव्या आंब्याचा सण. नवं धान, वालाच्या शेंगा, मोहफूल, प्रत्येकाचं असंच. दिवस कॅलेंडरात छापलेला नसतो, आणि शेजारच्या गावाचा वेगळा असू शकतो. प्रणितानं जरा चाचरत म्हटलं की बाई, हा तर खेळातला आंबा आहे. सोमारीबाईंनी फोन तिच्या हातात परत दिला.

"आंबाच आहे ना?" त्या म्हणाल्या, आणि भांडी घासायला निघून गेल्या.

स्टॉपवर बसची वाट पाहताना प्रणितानं फोनमधलं ते झाड पुन्हा उघडलं. मग म्हणाली, "त्या झाडाचं पान न पान काढलं मी, अन् मले हेच माहीत नवतं." मी तिची समजूत घातली की दोन ओळी बदलल्या की काम भागेल. तिनं ऐकून घेतलं, म्हणजे ऐकलं नाही. चार दिवसांनी तिचा फोन आला तेव्हा तिनं सगळा खेळ मोडून त्याचे चार भाग केले होते. प्रत्येक भाग त्या-त्या गोष्टीचा पंडुम गावात झाल्यावरच बाहेर काढायचा, त्याआधी नाही. हे सगळं नव्यानं जुळवेपर्यंत त्या वर्षीचा आंबा येऊन जाणार होता, म्हणून गोष्ट नव्या धानापासून सुरू करायची आणि आंब्यावर संपवायची. आवाजासाठीही माझ्याच शाळेतली सातवीतली एक मुलगी तिनं पसंत केली होती. मी डोक्याला हात लावला.

आमचं खरं भांडण इथून सुरू झालं. माझं म्हणणं होतं की लोकांना आता सगळं एका बैठकीत लागतं; मध्ये तीन-तीन महिने गेले की गोष्ट विसरतात आणि दुसरं काहीतरी खेळायला लागतात. शिवाय ज्या ऑनलाइन दुकानातून खेळ लोकांच्या फोनवर जायचा, त्यांना प्रत्येक भागाची तारीख आधी कळवावी लागे, आणि आमच्याकडे तारीख म्हणून काही नव्हतंच. दर वेळी ती त्या रकान्यात 'लवकरच' लिहायची आणि दर वेळी ते परत यायचं. पण तिचा मुद्दा पक्का होता. "खेळणारा एकटा असते, दिवाकर. वाट पाहणारे समदे सोबत असते." मला हे तेव्हा छापील वाक्य वाटलं. भाग निघायला लागल्यावर पाहिलं तर एकमेकांचं तोंडही न पाहिलेली माणसं त्या पानावर जमून विचारत होती, गावात पाऊस पडला का, शेंगा भरल्या का, भुमिया बरा आहे का. ती बरोबर होती. तिच्या तोंडावर मी हे कधी म्हटलं नाही.

गावाची खबर देण्याचं काम माझ्याकडे होतं, आणि हिवाळ्यात मी त्यात घाण केली. शेंगांचा पंडुम दोनदा पुढे गेला होता, पानावर लोक वैतागले होते, मी त्यांच्याहून जास्त. बुधवारी नक्की आहे असं ऐकून मी मंगळवारीच तिला कळवून टाकलं, झाला. तिनं भाग सोडला. बुधवारी सकाळी भुमियाच्या घरी कुणी आजारी पडलं आणि दिवस पुन्हा पुढे गेला. मी खरं सांगितलं तेव्हा तिनं एका शब्दानं झापलं नाही. भाग परत काढून घेतला, लोकांची माफी स्वतःच्या नावावर मागितली, आणि माझ्याशी आठ दिवस बोलली नाही. नवव्या दिवशी बोलली तेव्हा मी मनातलं एकदाचं सांगून टाकलं... की तुझ्या तब्येतीचा भरवसा नाही, सगळे भाग तयार आहेत, काढून मोकळी हो. तुझ्या डोळ्यांदेखत होऊ दे.

ती हसली. म्हणाली, "मंग तू कायले आहेस?"

मोहफुलांच्या भागाच्या वेळी ती सलाइन लावून पडली होती आणि रोज सकाळी एकच मेसेज करायची, झाला का? त्या वेळी मी पूजा आटोपून माणसं घरी परतलेली डोळ्यांनी पाहिली आणि मगच तिला कळवलं. भाग सुटला. त्यानंतर आठवड्यात ती गेली. वय अडतीस.

आता उरला होता आंबा. तयार भाग, त्याची किल्ली माझ्याकडे. पानावर तिच्या जाण्याची बातमी टाकली तर लोकांनी मन मोकळं केलं, आणि कित्येकांनी लिहिलं की तेरवीच्या दिवशी शेवटचा भाग सोडा, हीच खरी श्रद्धांजली. मलाही ते पटलं, काकूही चालेल म्हणाल्या. खरं सांगायचं तर मला ते ओझं डोक्यावरून उतरवायचं होतं. सोमारीबाईंना मी हे सांगितलं ते परवानगी म्हणून नव्हे, त्यांना बरं वाटेल म्हणून. त्या तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता त्यांनी विचारलं, पंडुम झाला का? मी म्हटलं, नाही, पण...

"ते पोरगी गेली मनून आंबा लवकर पिकला का, गुरुजी?" थोड्या वेळानं सूप बाजूला ठेवून म्हणाल्या, "तिनं आमाले विचारलं होतं. कोनी नाई विचारत."

मला रडू आलं ते तिथं, खिचडीच्या चुलीसमोर. चंद्रपूरला आलं नव्हतं. त्याच दिवशी मी पानावर लिहिलं की शेवटचा भाग गावात आंब्याचा पंडुम झाल्यावर येईल, दिवस मला माहीत नाही, आणि 'लवकरच' हा शब्द मी यापुढे वापरणार नाही. काहींनी शिव्या घातल्या. एकानं लिहिलं, आमच्या बाजारात आंबे आलेत, बायको मला वेड्यात काढते आहे, पण मी थांबलोय.

तेरवीला गेलो तेव्हा काकूंनी मला तिच्या टेबलाचा खण उघडून दिला. त्यात तो जुना फोन होता. कागदात गुंडाळलेला, आणि कागदावर तिच्या अक्षरात, 'सोमारीबाईंना विचारून'. चार्जिंगला लावला तर कच्चा खेळ होता तिथंच उभा होता. झाडाखाली रैनी, समोर कैरी, आणि कुणीही न दाबलेलं ते बटण. मी त्याला हात लावला नाही.

पंडुम वैशाखात झाला. पूजा उरकून माणसं घरी आली, गावात घरोघरी आंबे चिरले गेले. मी तलावाच्या पाळीवर गेलो, रेंज तिथंच मिळते, आणि शेवटचा भाग सोडला. मग सोमारीबाईंच्या अंगणात जाऊन तो फोन त्यांच्या हातात ठेवला. त्यांनी तो लगेच ओळखला. पदराला बोट पुसलं आणि 'खा' दाबलं. रैनीनं कैरीचा चावा घेतला, आणि कूलरच्या घरघरीतून प्रणिता म्हणाली, "आई गं... लय आंबट आहे!"

सोमारीबाईंनी फोन कानाशी धरला, पण वाक्य तेवढंच होतं. मग त्यांनी ताटलीतली एक फोड माझ्या हातावर ठेवली. "खा, गुरुजी. आता चालते."

तो फोन आता शाळेच्या स्वयंपाकघरात मिठाच्या डब्याशेजारी असतो. चार्ज करायचं काम माझ्याकडे आहे. मी बाईंना म्हटलं, या फोनमध्ये भाग वेगळे केलेले नाहीत, पूर्ण वर्षाची गोष्ट आहे, सगळीकडे तिचाच आवाज आहे, खेळा पुढे. त्यांनी नाही म्हणून मान हलवली. रैनी धानाच्या बांधापर्यंत पोचली आहे आणि बाईंनी तिला तिथं उभं केलं आहे. नवं धान झाल्यावर प्रणिता बोलेल, तोवर नाही.