झाकण त्यांच्यासमोर उघडायचं

पाटलांनी कप माझ्या हातातून घेतलाच नाही. "ठेव तिथं," म्हणाले, आणि खाटेच्या पायाजवळ बोट केलं.

मी ठेवला. पौषातली सकाळ होती. हात आखडत होते. कपातून वाफ निघत होती. एरवी आमच्याकडे कोराच चहा व्हायचा, गुळाचा. त्या दिवशी मायनं शेजारून दूध आणलं होतं. अद्रक ठेचून टाकलं होतं. पाटील माझ्या बाशी धानाबद्दल बोलत राहिले. मळणीचा चुरणा झाला का, धानाची तणीस कुठं रचली. बा खाली उकिडवा बसून उत्तरं देत होता. वाफ थांबली. चहावर साय धरली. मग पाटील उठले. पायानं कप बाजूला सारला. सांडू नये म्हणून, जपून. मायला म्हणाले, "चाय सोडली मी. पित्त होते."

मी सहावीत होते. मला खरंच वाटलं.

थोड्या वेळानं मायनं मला तेल आणायला चौकात पाठवलं. तिथल्या हॉटेलात पाटील बसले होते. बशीत ओतून, फुंकर मारून चहा पीत होते. त्यांनी मला पाहिलं. बशी खाली ठेवली नाही. तोंडही फिरवलं नाही. चोरी पकडली गेली की माणूस दचकतो. ते दचकले नाहीत. त्यांच्या लेखी त्यात लपवण्यासारखं काही नव्हतंच.

घरी येऊन मायला सांगितलं. ती चुलीतली राख ओढत होती. तो गार झालेला चहा तिनं परत गरम करून बाला दिला होता. वर न बघता म्हणाली, "मालूम आहे मले."

आम्ही बौद्ध. आज्यानं छप्पन साली धम्म घेतला, घरातले देव बाहेर काढले. पण जमीन काही आली नाही. पाटलांची बांधी, म्हणजे धानाचं शेत, आम्ही बटईनं करायचो. राबणं आमचं, अर्धं धान त्यांचं. दरवर्षी पाडव्याच्या सुमारास ते येत आणि पुढचं साल आम्हाला द्यायचं की नाही ते सांगत. आमचं वर्ष त्यांच्या तोंडात होतं.

त्यानंतर पाटलांची मोटारसायकल वळणावर दिसली की माय मला दुकानात पिटाळायची. ठंडा आणायला. कारखान्यातून बाटलीत बंद होऊन आलेला, आमच्या चुलीचा, आमच्या पाण्याचा स्पर्श नसलेला. तिनं मला नीट समजावलं होतं. "घरातून उघडून नोको आणू. झाकण त्यांच्यासमोर उघडजो. आवाज आला पाहिजे." मी उघडायचे. टिक्. पाटील तो आवाज ऐकायचे, मगच हात पुढे करायचे. थंडीनं दात वाजत असले तरी ठंडा प्यायचे. अर्धा सोडायचे. उरलेला मी प्यायचे. आमच्या कपाला तोंड न लावणाऱ्या माणसाचं उष्टं. आणि मला ते गोड लागायचं.

हळूहळू मीही तयार झाले. फाटकाशी उभ्या माणसाच्या नुसत्या उभं राहण्यावरून कळायचं, ह्याला चहा टाकायचा की दुकानात पळायचं. अंगणवाडीच्या ताई चहा मागून घ्यायच्या. एक मास्तर चहाचं नाव निघालं की नेहमी घाईत असायचे. कोणाला काही बोलावंच लागू नये, नाही म्हणायची वेळच येऊ नये, एवढं आम्ही दोघी सांभाळायचो. अपमान व्हायच्या आधीच आम्ही तो करून घ्यायचो. आपल्या हातानं.

मी पवनीला जाऊन बीए केलं. नोकरी लागली नाही. मायसोबत धानाच्या रोवण्याला जात होते. मागच्या वर्षी बाला लकवा मारला. उजवं अंग गेलं, बोलणं गेलं. तोंडाच्या एका बाजूनं लाळ गळते. चहा तेवढा त्याला आवडतो. बशीत ओतून दिला की डाव्या हातानं, हळूहळू, स्वतः पितो. दिवसात तेवढंच एक काम तो स्वतः करतो.

यंदा पाडवा झाला तरी पाटील आले नाहीत. मायला अन्न जाईना. आता घरात गडी नाही, जमीन काढून घेतील, मग बाच्या गोळ्या कशातून आणायच्या, हेच दिवसभर. तिनं दोनदा निरोप धाडला. शेवटी एका दुपारी ते आले. बा आंगणात खाटेवर बसून चहा पीत होता. मायनं धावत जाऊन खुर्ची आणली, पदरानं पुसली. पाटील बसले.

बानं त्यांच्याकडे पाहिलं. ओळखलं. त्याच्या अर्ध्या तोंडावर हसू आलं. आणि त्यानं थरथरत्या डाव्या हातानं आपली बशी पुढे केली. पाटलांच्या समोर. घ्या म्हणून. जन्मभर ज्या माणसापुढं तो खाली बसला होता त्याला.

लकव्यानं त्याचं अर्धं अंग नेलं होतं, आणि सोबत ती सगळी शिकवणही नेली होती.

पाटलांनी खुर्ची मागं सरकवली. खुर्चीचे पाय घासल्याचा आवाज झाला. बाचा हात तसाच पुढे. बशीतला चहा त्याच्याच धोतरावर सांडत होता. माय हसली. ते हसू मी विसरणार नाही. "काही समजत नाही जी त्यायले आता," ती म्हणाली, "डोकं ठिकाणावर नाही." आणि माझ्याकडे वळून, "जाय, ठंडा घेऊन ये."

मला वाटलं, या आंगणात डोकं ठिकाणावर असलेला हा एकच माणूस आहे.

मी बाच्या हातातली बशी धरली, खाली ठेवली. आत गेले. चुलीवर पातेलं ठेवलं. माय दारात आली. नुसती मान हलवत राहिली. नाही, नाही. मी चहा कपात ओतला आणि बाहेर नेला.

"ठंडा नाही का?" पाटील म्हणाले.

"नाही. घरात चाय आहे."

"चाय सोडली मी. तुले माईत नाही का?"

"आमच्या घरची सोडली तुमी. चौकातली तं पेता."

ते उठले. चिडले नाहीत, ओरडले नाहीत. मायला एवढंच म्हणाले, "जमिनीचं मंग पाहू."

मोटारसायकल गेल्यावर मायनं कपाळ बडवून घेतलं. "बाच्या गोळ्या काय त्या चायमंदी घोळून देशीन?" तिनं विचारलं.

माय दुसऱ्या दिवशी एकटीच पाटलांकडे गेली, माझ्या वतीनं माफी मागायला. त्यांनी तिला ओसरीच्या खाली उभं ठेवलं आणि सांगितलं, तुझी माफी नको, पोरीनं यावं. जमीन अजून कोणाला दिली नाही. पोरगी येऊन चार लोकांसमोर बोलली तर देऊ.

सध्या आम्ही दोघी पहाटे तेंदूपत्त्याला जातो. तो हंगाम संपत आला. मृग तोंडावर आहे, लोकांनी धानाच्या रोपांसाठी खारीची तयारी केली, आमच्याकडे परा टाकायला जागा नाही. बाच्या गोळ्या संपल्या. त्याचा डावा हातही आता बशी नीट धरत नाही. माय रोज एकच शब्द बोलते माझ्याशी. "जाय." कधी रागानं. कधी हात जोडून. मायनं मुलीपुढं हात जोडणं काय असतं, ते मला कळलं आहे.

मी जाणार नाही.

जमीन जाईल. बाला काही झालं तर गाव माझ्याकडे बोट दाखवेल, मायही दाखवेल. मी ते बोट चुकवणार नाही. पण फाटकातून येणाऱ्याची जात ओळखून त्याच्या हातात काय द्यायचं, हे आमच्या घरात आता ठरणार नाही. चुलीवर असेल ते. पाटील येवोत, नाही तर आणखी कोणी. ज्याला ते चालत नाही, त्यानं आमच्या आंगणात बसू नये.