सुमनच्या हिरड्या

हे मी कुणाजवळ बोललो नाही. सख्ख्या भावाजवळ नाही, पोरीजवळ तर नाहीच. तुमच्याजवळ बोलतोय, कारण तुम्ही आमच्या राजुरीचे नाही — उद्या डेअरीवर दूध घालताना तुमच्याकडे बघावं लागणार नाही.

सुमन, माझी बायको, उठली की मिश्री, जेवली की मिश्री. भाजलेल्या तंबाखूची ती पूड आमच्याकडे बायका दातांना लावतातच, त्यात काय? पण तिच्या हिरड्या सुजल्या, रक्त यायला लागलं, आणि तोंडाला वास — मी माझी खाट ओसरीवर नेली. आत उकडतं म्हणून सांगितलं. तिला कळलं नसेल का?

आळेफाट्याला दातांच्या डॉक्टरकडे नेलं एकदा. बाकावरचा एक ओळखीचा माणूस तिच्याशेजारून उठला आणि दाराशी जाऊन उभा राहिला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिला काय झालं असेल, हे मनातसुद्धा आलं नाही.

डॉक्टरांनी तिला बाहेर बसवलं आणि मला सांगितलं — मिश्री आजपासून बंद. हिरड्यांत पू आहे, साफ करायला चार-पाच वेळा यावं लागेल. बीपीही वाढलंय. तोंडातले जंतू पोटात जातात, रक्तात उतरतात. अशा माणसांत लकव्याचा धोका जास्त दिसतो, हयगय करू नका.

बाहेर आलो तर ती विचारते, "काय म्हनलं डाक्टर?"

पुन्हा त्या बाकावर तिच्याशेजारी बसायचं? नको वाटलं. मी म्हणालो, "काय न्हाई. उष्णता हाय. मिश्री लावीत जा, दुखायचं थांबंल."

हो — लावीत जा म्हणालो. तिला लई बरं वाटलं. बीपीचं तर मी गिळूनच टाकलं.

दिवाळीच्या आधी गोठ्यात शेणाची पाटी उचलताना ती कोसळली. उजवी बाजू गेली, वाचा गेली. पुण्याच्या मोठ्या डॉक्टरांना विचारलं, हिरड्यांमुळे झालं का? म्हणाले, तसं ठाम सांगता येत नाही, बीपीनंही होतं. बीपी! तेही मीच दाबलं होतं ना? आता कुणीकडून सुटू?

पोरगी म्हणते, "आण्णा, तुमी आईचं लई करता." जमीन दुभंगली तर बरं, असं होतं.

रोज सकाळी बोटाला कापड गुंडाळून मीच तिच्या हिरड्या पुसतो. मी वाकलो की ती श्वास रोखून धरते, तोंड भिंतीकडे फिरवते — मला वास येऊ नये म्हणून.