एकर, गुंठे आणि बावीस ओळी

हे लिहायला बसलो खरा, पण कुणी विचारलं की तुझा अधिकार काय, तर मी मान खाली घालीन. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलेलं नव्हतं आणि लिहिणं म्हणजे अर्ज भरणं एवढंच आम्हाला ठाऊक. मी काही शोध लावला नाही. कॉम्प्युटरच्या बावीस ओळी लिहिल्या. त्याही माझ्या एकट्याच्या नाहीत, म्हणून तर लिहायला हवं असं वाटतं. वाचणाऱ्याने सांभाळून घ्यावं.

दोन हजार सालानंतरची ती वर्षं. कोल्हापुरात संख्याशास्त्रात एम.एस्सी. करून मी जिल्ह्याच्या सांख्यिकी कचेरीत तात्पुरत्या जागेवर लागलो होतो. गावोगावचे शेतीच्या पाहणीचे फॉर्म यायचे, ते कॉम्प्युटरवर चढवून तक्ते करायचे. तक्ते करणारं सॉफ्टवेअर एकाच मशीनवर चालायचं आणि तेही मागे कंपनीने दिलेली बोटभर लांबीची इलेक्ट्रॉनिक चावी खोचली तर. चावी साहेबांच्या ड्रॉवरमध्ये. साहेब दौऱ्यावर गेले की आम्ही चहा प्यायचो.

कॉलेजातल्या मॅडमना हे सांगितलं तेव्हा त्यांनी एक सीडी दिली. त्यातलं सॉफ्टवेअर कुणीही घ्यावं, उघडून बघावं, बदलावं, दुसऱ्याला द्यावं असं होतं. काही देशांची सांख्यिकी खाती ते वापरू लागलीत, एकाने लिहिलेलं दुसऱ्याला देतात, असं त्या म्हणाल्या. मला ते फार आवडलं. आमच्या आळीत पुरणाचं यंत्र एकाच घरी होतं आणि सणाला ते सगळीकडे फिरायचं, तसंच काहीसं वाटलं. साहेबांची परवानगी घेऊन मी ते तिन्ही मशीनवर बसवलं.

पहिलाच तक्ता चुकला. शाहूवाडीकडच्या गावांची जमीन पाहणीच्या आदल्या फेरीपेक्षा बरीच कमी आली. साहेबांनी दोन्ही कागद शेजारी ठेवले आणि म्हणाले, जमीन काय पावसात विरघळली का. मग शांतपणे सांगितलं की फुकटातल्या वस्तूवर त्यांचा विश्वास नाही. सोमवारपर्यंत चूक सापडली नाही तर तिन्ही मशीनवरून काढून टाकायचं.

मी दोन दिवस तक्त्यासाठी लिहिलेला कोड तपासला. कोड बरोबर होता. शेवटी मूळ फॉर्मचा गठ्ठा घेऊन चाचांकडे गेलो. चाचा आमच्याकडचे सगळ्यात जुने पाहणी करणारे, मूळचे मुरगूडचे. जिल्ह्यातल्या बहुतेक गावांच्या वाटा त्यांनी सायकलने झिजवलेल्या. शाहूवाडीचे फॉर्म त्यांच्याच अक्षरातले होते. एका ओळीत जमीन २.३० लिहिली होती. मी म्हटलं, ही सव्वादोन एकरांहून थोडी जास्त.

चाचांनी चष्मा कपाळावर सरकवला. "सव्वादोन? पावणेतीन हाय ती. दोन एकर तीस गुंठं."

मी फॉर्म उचलून तो आकडा पुन्हा वाचला.

"चाळीस गुंठं झालं की एकर झाला की. तुज्या घरात सातबारा न्हाय व्हय?"

नाही, म्हटलं. आमच्या नावावर कुठेच कधी जमीन नव्हती. वडील गुळाच्या बाजारात हमाल होते. एकराचे चाळीस गुंठे हे शाळेच्या कोष्टकात मी पाठ केलं होतं, पण बिंदूच्या पुढे गुंठे लिहितात, पाच असले तर शून्य पाच लिहितात, हे ज्याच्या घरी जमीन त्यालाच माहीत. चाचा म्हणाले, "मग तुला सांगायचं कुणी? चुकलं आमचंच." आणि बाकड्यावर सरकून मला जागा केली.

मग उलगडलं. आधीच्या ऑपरेटर बाई शेतकऱ्याच्या घरातल्या. त्या टाइप करतानाच मनातल्या मनात गुंठ्यांचा एकर करून टाकायच्या. कुणी त्यांना सांगितलं नव्हतं आणि त्यांनीही कुणाला सांगितलं नाही. त्या निवृत्त झाल्या आणि ती रीत त्यांच्याबरोबर गेली. मी आकडे होते तसेच चढवले.

चाचांनी आणि मी एका गावाचे सगळे फॉर्म हाताने केले. करता करता दिसलं की हजारभर आकड्यांत बिंदूच्या पुढे एकोणचाळीसच्या वर एकही जात नाही. खरे दशांश असते तर नव्वद, पंचाण्णवही आले असते. तेवढं धरून मी त्या बावीस ओळी लिहिल्या. रकान्यातले आकडे असे एका मर्यादेशी थांबत असतील तर मशीनने आधी थांबून विचारावं: हे दशांश आहेत की दुसरं माप? चाळीस हा आकडा मी पक्का ठेवला नाही, ज्याला जो हवा तो त्याने घालावा.

सोमवारी जमीन परत आली. साहेबांनी तक्ता दोनदा बघितला आणि खरं तेच बोलले. त्यांना पटलं होतं, पण उद्या वरून कुणी विचारलं तर ते काय दाखवणार? "एखाद्या देशाच्या खात्यानं तुझं हे घेतलंय असं कागदावर आण. पुढच्या फेरीपर्यंत थांबतो. नाहीतर चावी आहेच."

मॅडम म्हणाल्या, तू त्यांचं घेतलंस, आता तुझं ठेव तिथे. निरनिराळ्या देशांच्या सांख्यिकी खात्यांतली माणसं एका मेलच्या यादीवर एकमेकांना लिहीत असत. माझं इंग्रजी बेताचं. एवढंसं पत्र लिहायला चार दिवस लागले आणि त्यातलं अर्धं माफी मागण्यातच गेलं. मॅडमनी माफी सगळी खोडली. हा नियम शेतावर जाऊन पाहणी करणाऱ्या एका अनुभवी माणसाने सांगितला, हे वाक्य मात्र ठेवलं.

एकाने विचारलं, गुंठा म्हणजे काय? मी सविस्तर कळवलं. पुढे काहीच नाही. रोज दुपारी जेवणाच्या सुट्टीत मंगळवार पेठेतल्या कॅफेत जाऊन मेल बघायचो. परत आलो की चाचा दारातूनच विचारायचे, "आलं का तुजं पत्र?" मी नकाराची मान हलवायचो. ते म्हणायचे, टपाल हाय, चालत येतंय. पुढची फेरी महिन्यावर आली. साहेबांनी चावी पुसून टेबलावर काढून ठेवली.

त्याच आठवड्यात मेल आला. आफ्रिकेतल्या एका देशाच्या सांख्यिकी खात्यातल्या बाईंचा. तुमच्या ओळी आम्ही घेतल्या, आमच्या तपासणीत कायमच्या घातल्या, शेजारच्या देशाच्या खात्यालाही दिल्या, असं लिहिलं होतं. थोडा बदल केला होता, तोही जोडला होता. मी छापील प्रत साहेबांपुढे ठेवली. त्यांनी देशाचं नाव मोठ्याने वाचलं, कोपऱ्यात 'चालू ठेवावे' लिहिलं, सही केली आणि चावी ड्रॉवरमध्ये टाकली.

चाचांना एवढ्यावर समाधान नव्हतं. तिकडं कुठं गुंठं आलं, असं त्यांनी विचारलं. म्हणून मी उरलेला मेल त्यांना मराठीत सांगितला. तिकडे गुंठे नव्हते. दिवसातला कुठल्या कामाला किती वेळ जातो याची पाहणी होती आणि बायकांनी सांगितलेला पाणी आणायचा वेळ २.४५ असा लिहिला होता, म्हणजे दोन तास पंचेचाळीस मिनिटं. मशीन तो अडीच तासांच्याही आत धरत होतं. आमच्या ओळींत चाळीसच्या जागी साठ घातल्यावर ते थांबलं आणि त्याने विचारलं. बाईंनी शेवटी लिहिलं होतं की त्यांच्या देशात बायका पाण्यासाठी किती वेळ चालतात, ते आजवर कमी मोजलं जात होतं, आणि या वर्षीच्या अहवालात ते पहिल्यांदा पुरं छापलं गेलं.