अर्ध्या चित्रांवर सही

आमचे पूर्वज म्हैसूरच्या फौजेत घोडेस्वार होते, असं आमच्याकडं सांगतात. मी जन्मले तेव्हा स्वातंत्र्य मिळून काही वर्षं झाली होती. फौज कधीच गेली होती आणि घरात घोडा होता तो जटक्याला, म्हणजे टांग्याला, जुंपलेला. वडील स्टेशनाबाहेर जटका लावायचे. आधी घोड्याच्या चंदीची सोय, मग आमच्या जेवणाची. यात कुणाला वावगं वाटत नसे, कारण घोडा उपाशी राहिला तर सगळेच उपाशी. पुढं ऑटोरिक्षा आल्या. स्टेशनातून बाहेर पडणारी माणसं जटका कौतुकानं मुलांना दाखवायची आणि ऑटोत जाऊन बसायची. एका उन्हाळ्यात घोडा बसला तो उठला नाही. वडलांनी दुसरा घेतला नाही. घेणार कुठून?

त्यानंतर घर चाललं ते आईच्या उदबत्त्यांवर. एक एजंट सायकलवरून बांबूच्या काड्या आणि काळा मसाला आणून टाकायचा. आई पाटावर मसाला घेऊन काडी तळव्याखाली एकदा फिरवायची की उदबत्ती तयार. मीही वळायचे. शाळेत पाटीवर माझ्या बोटांचे काळे ठसे उठायचे आणि बाजूची मुलगी आपली पाटी लांब सरकवायची. आठवड्याला एजंट माल न्यायला आला की घरात सगळे गप्प. तो जुडी हातावर तोलायचा, दोन काड्या वाकवून बघायचा. ओलसर लागली, जुडी भरलेली नसली, की बाजूला टाकून द्यायचा. अर्ध्या जुडीला अर्धे पैसे मिळतात असं तुम्हाला वाटेल. काहीच मिळत नसे.

म्हणून अर्धवट राहिलेल्या कामाची आईला भीती वाटायची. आळसाची चीड वेगळी, ही भीती वेगळी. तिनं घरात एक नियमच केला होता. खंडेनवमीला हत्यारं पुजायची, त्याच्या आदल्या संध्याकाळपर्यंत हातातलं प्रत्येक काम पुरं झालं पाहिजे. आमच्याकडं तलवार नव्हती, कधी होती का तेही ठाऊक नाही. वडलांचा चाबूक असायचा, आईचा पाट असायचा, आणि त्यांच्या शेजारी भरलेल्या जुड्या. अर्धी जुडी राहिली असेल तर आई ती मोडून काड्या सुट्या करायची. मोडलेली चालेल, अर्धी चालायची नाही.

मी बी.ए. झाले. आमच्या घराण्यात कॉलेजचं तोंड पाहणारी मी पहिली, आणि ही गोष्ट मी आजही कुणी न विचारता सांगते. सरकारी कचेरीत लागले, लग्न झालं, मुलगी झाली. यथावकाश म्हैसूरच्या कडेला, हूटगळ्ळीला, लहानसं घर बांधलं. तेव्हा तिकडं अर्धी शेतं आणि अर्धी घरं होती, आणि कारखान्याच्या पाळ्या सुटल्या की रस्ताभर सायकली. वडील गेल्यावर आई आमच्याकडं राहायला आली.

चित्रांचं सुरू झालं ते मुलीच्या रंगपेटीवरून. तिनं शाळेत चित्रकला सोडली आणि पेटी कपाटावर पडून राहिली. एका रविवारी धूळ पुसताना मी ती उघडली, ब्रश ओला केला आणि स्वयंपाक राहिला बाजूला. चाळिशीला आले होते. त्या दिवशी मला कळलं की पाण्यात रंग सोडला की तो आपल्या मनानं पसरतो, आणि तो कुठं थांबतो ते बघत बसण्यात सुख आहे. आयुष्यात मी जे जे शिकले ते कशासाठी तरी शिकले होते. परीक्षेसाठी, नोकरीसाठी. हे कशासाठीच नव्हतं. मी दर रविवारी मागच्या व्हरांड्यात बसू लागले. कधी पहाटेची बस धरून कुक्करहळ्ळीच्या तळ्यावर जायचे, कधी बन्नूरच्या वाटेवरचे ऊस आणि भात डोळ्यांत भरून आणायचे आणि घरी काढायचे.

अडचण एकच होती. माझं एकही चित्र पुरं होत नसे. तळ्याचा पलीकडचा काठ उतरायचा, झाडं उतरायची, पाणी मात्र कोरं राहायचं. उसाचं शेत निम्म्यावर येऊन थांबायचं. कंटाळा आला म्हणून मी थांबत नव्हते. एका क्षणी हात म्हणायचा, आता लावू नकोस. मी ऐकायचे आणि नवा कागद घ्यायचे.

यजमानांनी व्हरांड्याचं नाव ‘काम चालू’ ठेवलं. "जरा जपून जा, पुढं काम चालू आहे," असं ते पाहुण्यांना सांगायचे. मी हसायचे, कारण त्यात विष नव्हतं. त्यांनीच तळ्याचं एक चित्र चौकटीत घालून हॉलमध्ये लावलं होतं.

मग एकदा त्यांचे साहेब घरी आले. कॉफी झाली. साहेब चित्रासमोर उभे राहिले आणि कन्नडमध्ये म्हणाले, "छान आहे. पण आधीच चौकटीत का घातलंत? पुरं झाल्यावर घालायचं की." यजमान म्हणाले, "हो, हो, पुरं करायचं आहे अजून." साहेब गेले आणि यजमानांनी चित्र उतरवून कपाटामागं ठेवलं. मला त्या साहेबांचा राग आला नाही. ‘हो, हो’चा आला.

आई हे सगळं बघत होती. दसरा जवळ आला होता. तिनं सुपारी कातरता कातरता सांगितलं, "हे बघ, नवमीला घरात अर्धं काम नको. तुझी ती चित्रं पुरी कर, न्हाईतर रद्दीवाल्याला दे."

"आई, हा छंद आहे. त्याला कसला नियम?"

"छंद म्हणून सुम्ने घाण करून ठेवायची?"

सुम्ने म्हणजे उगाच. आईच्या मराठीत असले कन्नड शब्द पावलोपावली असत, आणि त्यातल्या त्यात रागातले सगळे कन्नडच.

मला टाळता आलं असतं. चित्रं कचेरीत नेऊन ठेवली असती तर आईला पत्ता लागला नसता. पण प्रश्न आईचा राहिला नव्हता. साहेबांपुढं यजमान ‘हो, हो’ म्हणाले तेव्हा मीही गप्पच बसले होते. ही चित्रं आहेत की रद्दी, हे मलाच ठरवता येत नव्हतं. ते नवमीच्या आत ठरवायचं आणि रद्दी असेल तर स्वतःच्या हातानं घालवून ब्रश मुलीच्या पेटीत परत ठेवायचा, असं मी पक्कं केलं.

आधी सरळ मार्ग धरला. कपाटामागचं तळ्याचं चित्र चौकटीतून काढलं आणि पाणी भरलं. छान निळं, काठाकाठानं, एकही कण न सोडता. वाळल्यावर बघितलं तर तळं मेलं होतं. कोऱ्या कागदावर जो उजेड होता तो मीच बुजवला होता. उसाच्या शेताचंही तेच झालं. हिरव्यावर हिरवं चढवत गेले आणि शेवटी शेवाळ झालं. यजमान बघून म्हणाले, "आता पुरं झालं की." त्यांच्या आवाजावरूनच कळलं की काय झालं ते.

मी शेवाळाचा कागद नळाखाली धरला. चिडून धरला होता, पण रंग वाहून गेला आणि खाली फिकट हिरवी सावली उरली, तीत उसाच्या दोनतीन रेघा. तो ओला कागद मी फळीवर ताणून वाळवला आणि त्यावर जाड ब्रशानं एकच तपकिरी पट्टा ओढला, रस्त्याचा. आणि हात म्हणाला, बास.

तिथून मला खरी गंमत सापडली. साडीच्या खोक्याचा पुठ्ठा घेऊन त्याला मी खिडकी कापली आणि ती प्रत्येक अर्ध्या चित्रावरून फिरवत बसले. वर सरकव, खाली सरकव, आडवी धर. एखाद्या चित्रात वीतभर जागा अशी सापडायची की तेवढी बाकीच्या चित्राला पुरून उरायची. मग तेवढीच कापून ठेवायची. कुठं मेणबत्ती घासून वरून रंग सोडला, मेणाच्या रेघा पांढऱ्या राहिल्या. कुठं काहीच केलं नाही, नुसतं उलटं धरून बघितलं आणि बाजूला ठेवलं. काही कागद खरंच टाकाऊ निघाले. त्यांची मी विनातक्रार रद्दी केली. पण कचेरीतून आल्यावर रोज बसत होते, आणि रोज एवढं पटत होतं की कुठं थांबायचं ते मला कळतं. ते कमावलेलं होतं, आणि ते सोडायची माझी तयारी नव्हती.

नवमीच्या आदल्या दुपारी आई व्हरांड्यात आली. उद्याच्या पूजेसाठी घरोघर गाड्या धुणं चाललं होतं. तिनं मांडलेले कागद एकेक करून बघितले. "अजून कोरंच आहे की गं सगळं."

"कोरं आहे ते कोरंच राहणार. हे पुरं आहे."

"कोण म्हणतं?"

"मी म्हणते. तुझ्या जुडीला एजंट होता आई, तो म्हणेल तेव्हा ती पुरी. इथं एजंट नाही. इथं मीच."

आईनं हातातला कागद खाली ठेवला. मला वाटलं दुखावली. मी तिला कुंपणापलीकडं बघायला सांगितलं. आमच्या ओळीतल्या प्रत्येक घराच्या गच्चीवर खांबांच्या सळया वर आलेल्या होत्या, पुढंमागं वरचा मजला चढवू म्हणून ठेवलेल्या. "ती घरं अर्धीच आहेत ना? त्यांना कुणी रद्दीत घालतं का? माणसं राहतातच की."

आईनं सळयांकडं बघितलं. मग माझ्याकडं. "त्यांनी गृहप्रवेश केला. भटजी बोलावले, गावाला जेवण घातलं, चारचौघांत सांगितलं की हे घर झालं. मग राहायला गेले. तू काय केलंस? कपाटामागं ठेवू दिलंस."

मी मांडलेले कागद उगाच सारखे करू लागले.

"सही कर," आई म्हणाली. "पुरं झालं म्हणतीस न्हवं? मग खाली सही कर. ज्याच्यावर करवत न्हाई ते अर्धं."

सहीबद्दल आईला फार आदर होता. वडलांनी आयुष्यभर अंगठा उठवला. आईला मी कॉलेजात असताना सही शिकवली होती, आणि ती दर वेळी दम रोखून सही करायची. सही केली की माघार नाही, असं तिचं म्हणणं. मी कचेरीत दिवसभर कागदांवर सह्या करणारी बाई, पण माझ्या एकाही चित्रावर माझं नाव नव्हतं. हे तोवर माझ्या ध्यानातही आलं नव्हतं.

मी बारीक ब्रश घेतला. पहिल्यावर लगेच केली, त्या उसाच्या फिकट सावलीवर. दुसऱ्यापाशी अडले. खिडकीतून कापलेला टेकडीचा तुकडा होता, चांगला होता, पण सही करायला गेले तर हात पुढं येईना. तो बाजूला ठेवला. तिसऱ्यावर केली. आई वेताच्या मोढ्यावर बसून बघत होती, आणि मी थबकले की विचारत होती, "काय गं, भीती वाटती?"

"थांब, बघू दे."

"बघ, बघ. सावकाश बघ. मला काय, उद्यापर्यंत वेळ आहे."

इतक्यात यजमान आले, मागं उभे राहिले आणि तोंड उघडणार तोच आई म्हणाली, "साकु, पुरे. काम चालू आहे." ते हसत आत गेले, आणि जरा वेळानं रिकामी चौकट घेऊन परत आले. चौकट भिंतीला टेकवून ठेवली.

सूर्य खाली येईपर्यंत मी बसले होते. ज्यांवर सहीला हात आला नाही, ते कागद मी मोडले नाहीत. फळीखाली ठेवून दिले, आणि आईनं तिकडं बघून न बघितल्यासारखं केलं. तिच्या नियमाला तेवढी फट तिनं आपणहून ठेवली, असं मी समजले.

दुसऱ्या दिवशी ब्रशांना हळदकुंकू लागलं. आईनं स्वतःच्या हातानं सही केलेली चित्रं पूजेत ओळीनं मांडली आणि दर्शनाला आलेल्या शेजारणींना सांगितलं, "ही माझ्या लेकीनं पुरी केली." एक शेजारीण म्हणाली, "इथं खाली रंग द्यायचा राहिलाय वाटतं." मी म्हणाले, "राहिला नाही. मुद्दाम ठेवलाय." ती "हो का," म्हणाली आणि पुढचं चित्र बघायला लागली. एवढंच झालं. मी उगाच इतके दिवस घाबरत होते.

दसऱ्यानंतर यजमानांनी त्यांतलं एक चौकटीत घालून हॉलमध्ये लावलं. त्या वर्षी मी सात चित्रं पुरी केली. सातही चित्रांत कागद कुठं ना कुठं कोरा आहे, आणि सातांवर माझी सही आहे.